रिकाम्या ओळी

"फरक शून्य!" तंत्रज्ञ दिघावकरने पडदा अरुंधतीकडे वळवला. "मेंदूच्या ऑपरेशनआधी तुमच्या आईंच्या आठवणींची फाइल उतरवून घेतली होती, आज नवी घेतली. दोन्ही ताडून पाहिल्या. एक शब्दही गळलेला नाही."

"मग बाबांचं शेवटचं आजारपण ती भाजीचे भाव सांगावेत तसं कसं सांगते?" अरुंधतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "पूर्वी मध्येच थांबायची. खिडकीबाहेर बघत बसायची." दोन्ही फाइली ताडण्यासाठी त्याने संगणकाला दिलेली आज्ञा पडद्यावर होती; तिने तिच्यावर बोट ठेवलं. "हे शेवटचं अक्षर कशाचं?"

"रिकाम्या ओळी वगळण्याचं. माणूस बोलताना थांबला की फाइलीत रिकामी ओळ पडते. त्या आम्ही कधीच धरत नाही, उगाच फरक दिसत राहतात."

"काढा ते. पुन्हा चालवा."

त्याने कुरकुरत आज्ञा बदलली. पडदा वजाच्या खुणांनी भरून गेला; जुन्या फाइलीतली जी ओळ नव्या फाइलीत नाही, तिच्यासाठी एक खूण. एकाही खुणेपुढे अक्षर नव्हतं.

"बघा, काहीच गेलेलं नाही," तो हसला.

बाहेर बाकावर आई एका अनोळखी बाईला बाबांची शेवटची रात्र घडाघडा सांगत होती.

"तेच गेलंय!" अरुंधती कडाडली. "माझ्या आईचं गप्प होणं पुसलंत तुम्ही. आधी ते परत घाला."