उघडा सूर्य

जिनिव्हातल्या सभागृहातून वृंदा भोयर आपलं शिष्टमंडळ घेऊन बाहेर पडल्या. भारताने हवामान करार झुगारला होता. करार मोडणाऱ्या देशावरचा, ऊन मंद करणारा अवकाशातला पडदा काढून घेऊ, अशी धमकी समोरच्या देशांनी दिली होती. पण ती कोणी खरी करील असं वृंदाताईंना वाटलं नव्हतं.

तेवढ्यात चंद्रपूरहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. शर्वरी तिथे शाळेत शिकवायची.

"मावशी, बघ ना, एकदम लख्ख झालंय! तुम्ही काही केलंत का?" तिच्या मागे मैदानात मुलं आभाळाकडे बघत नाचत होती.

वृंदाताई ओरडल्या, "मुलांना आत ने! कोणाला वर बघू देऊ नकोस!"

"का गं? सूर्याकडे तर आम्ही रोज बघतो."

खरंच होतं. पडदा लागल्यानंतर जन्मलेल्या या पिढीसाठी सूर्य म्हणजे चंद्रासारखी मंद चकती होती. शर्वरीने पुन्हा मान वर केली आणि हसत बघत राहिली.

"डोळे मीट, शर्वरी! आधी डोळे मीट!"

त्या किंकाळीने दचकून शर्वरीने फोनकडे पाहिलं. डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. मागे एक मूल रडू लागलं, मग दुसरं.

"मावशी," ती म्हणाली, "तुझा चेहरा कुठे गेला?"