आनंदरावांचे कान

सेट न्यायला आलेला संघपाल आधी अँटेना बघायला गच्चीवर गेला. आनंदरावांनीच आपल्या या तरुण रेडिओ-मित्राला बोलावलं होतं. कान गेले, आता हा हॅम रेडिओ तूच घेऊन जा गा, असं फोनवर सांगून त्यांनी विषय संपवला होता.

कान गेल्याचं घरात एव्हाना सर्वमान्य झालं होतं. पूर्वी या हौशी बिनतारी सेटवर खरखरीतून आनंदरावांना जगभरची माणसं सापडायची. आता सेट लावला की नुसती खरखरच. पार्वतीबाई तर नवऱ्याशी ओरडूनच बोलायच्या. आज घरात वांग्याची भाजी आहे, हे हुडकेश्वरातल्या त्या अख्ख्या गल्लीला जेवणाआधी कळायचं.

संघपाल खाली आला तो डोकं खाजवतच. अँटेनाच्या तारेला केबल थेट जोडलेली होती.

"काकाजी, बालून नाही लावला?"

"फुगा?" पार्वतीबाईंनी विचारलं. "काहून, वर उडवाचं आहे काय?"

संघपालने हसून पिशवीतून जाडजूड काळी कडी काढली, हाच तो बालून. सिग्नल केबलच्या आतून येतो, त्याने समजावलं. पण घरातल्या कूलरची, इन्व्हर्टरची, एलईडी दिव्यांची खरखर केबलच्या बाहेरच्या अंगाने चढते. पाइपावरून पाण्याचा ओघळ जावा तशी. आणि वर तारेशी पोचली की तिथून आत शिरते. कडीत केबलचे पाचसहा वेढे घातले की तिची वाट बंद. आनंदराव म्हणाले, तीस वर्षं बिना बालूनचं चाललं. तीस वर्षांपूर्वी घरात एक पंखा आणि दोन पिवळे बल्ब होते, हे ते विसरले.

संघपालला सेट नेण्याआधी एकदा चालवून बघायचा होता. तो पुन्हा गच्चीवर गेला, वेढे घालून आला, आणि त्याने बटण दाबलं.

खरखर झालीच नाही. सेटचा दिवा लागला होता, आवाजाचं बटण पूर्ण फिरवलेलं होतं आणि तरी खोली शांत होती. संघपालला वाटलं, वर काहीतरी तुटलं. तो केबल चाचपू लागला. पार्वतीबाई ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून आल्या.

"बंद पडला काय?" त्या नेहमीसारख्या ओरडल्या.

आनंदरावांनी हात वर केला. "हळू बोल वं. कोणी बोलून राहिलं."

संघपालने कान दिला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. मग त्या शांततेच्या पार तळाशी, कुणी लांबच्या खोलीत नखाने ताट वाजवावं तशी, मोर्सची बारीक टिकटिक जाणवली. आनंदरावांचं बोट टेबलावर तिच्या बरोबरीने चाललं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. म्हणजे इतके दिवस ते आपल्याच घराची खरखर ऐकत बसले होते. एवढं मोठं आभाळ वर जसंच्या तसं होतं, माणसं त्यातून बोलत होती, आणि त्यांचे कानही जागच्या जागी होते.

"न्यूझीलंड," टिकटिकीतून पलीकडच्या सेटच्या ओळखखुणेची अक्षरं जुळवत ते म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते खरं वाटेना, म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.

"काय म्हणते तो?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"काही नाही. कोणी आहे काय, इतकंच विचारून राहिला."

संघपालने उत्तराची टिकटिक पाठवायची मोर्सची किल्ली त्यांच्या हाताशी सरकवली आणि सेट बांधायला आणलेली दोरी गुंडाळून पिशवीत टाकली. आनंदराव किल्लीकडे नुसते बघत राहिले.

"मंग सांगा नं त्याले," पार्वतीबाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज इतका खाली आला होता. "आहे म्हणा."