परकी साक्ष

मोर्चावर गोळी चालली, त्यात लेक गेला. पण सुनेच्या संगणकावर त्या दिवसापुढे "मृत: शून्य" होतं. मोर्चे, दंगली, त्यांत मेलेली माणसं यांची जगाला खुली नोंद ठेवणं, हीच तिची नोकरी. "माझा लेक शून्य?" सासू कडाडली. "आई, दोन परक्या साक्षी लागतात. एक मिळाली. घरच्यांची चालत नाही." "या हातांनी डोळे मिटले त्याचे, माझी साक्ष कच्ची होय गं?" सून रडत राहिली. मग सासूच उठली, गोळी चालली त्या कोपऱ्यावर गेली आणि जुन्या भांडणात जिचं तोंड बघणार नाही म्हणाली होती, त्या शिंपिणीचं दार तिने ठोठावलं. टोमणा न मारता शिंपिणीने मशीनखालून लेकाची चप्पल काढली. "माझ्या दारातच पडला गं. सांगते मी." सुनेने शून्याचा एक केला. चप्पल उराशी धरून सासू पुटपुटली, "परत शून्य करता येईल का गं?"