काठावरचा बाक

बर्मिंगहॅममधला कालव्याकाठचा खिळ्यांचा कारखाना बंद पडल्यापासून तिथल्या काठाचा उकिरडा झाला होता, कुत्रंही फिरकत नव्हतं. रोज यायचा तो एकटा क्लाइव्ह ट्रँटर, बसायला दुधाचा क्रेट आणि हातात गळ घेऊन.

मग एका बिल्डरला काठाचा पुळका आला. त्याने दोन वर्षं पत्रे ठोकून कुणाला आत सोडलं नाही, काचेचे फ्लॅट उभे केले आणि उरलेल्या जागेत 'कालव्याचा वारसा' मांडला.

पत्रे निघाले त्या सकाळी क्लाइव्ह आला. त्याच्या नेमक्या जागेवर नवाकोरा बाक होता. तो बसला, गळ टाकला, तोच सिक्युरिटीवाला धावत आला.

"उठा काका. इथे मासे धरायचे नाहीत, जागा खासगी आहे."

"लोकांनी फेकलेल्या गाद्या इथे कुजत पडल्या होत्या तेव्हा कुणाची होती रे?"

"वाद नको. बाकावरची पाटी वाचा जरा. या जागेवर ज्यांचा खरा जीव होता, त्यांच्या आठवणीचा बाक आहे हा. गेलेल्या माणसाचा तरी मान ठेवा."

क्लाइव्हने चष्मा लावला.



'कै. क्लाइव्ह ट्रँटर यांच्या स्मृतीस. ते रोज इथे गळ टाकून बसत.'