दक्षिणेचा व्हरांडा

"व्हरांडा दक्षिणेला घ्यायला सांग त्याला," तातेरावांनी लाल पेन्सिल नकाशावर टेकवली. "थंडीत ऊन तिकडूनच येतं. माझ्या गुडघ्यांना लागतं."

"सांगते, आबा."

"मोठ्यानं बोल."

"सांगते म्हटलं."

नकाशा संभाजीच्या घराचा होता. ऑस्ट्रेलियात, पर्थ शहराबाहेर त्यानं प्लॉट घेतला होता. इकडे हैदराबादेत दिलसुखनगरच्या दोन खोल्यांत जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला की बापलेकीला ताटं मांडीवर घ्यावी लागत.

तातेराव अडतीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. घर मुलाचं असलं तरी नकाशा आपल्या हाताखालून गेल्याशिवाय एक वीट लागायची नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. आठ महिने हेच चाललं होतं. नकाशा ईमेलनं येई. तारामती ऑफिस सुटल्यावर आबिड्सला उतरून तो मोठ्या कागदावर छापून आणी. तातेराव तो लाल करून टाकत. आठ-दहा दिवसांनी सुधारलेला नकाशा येई.

"हा कसला आर्किटेक्ट? एका शब्दानं हुज्जत घालत नाही. मी न्हाणीत कट्टा म्हटलं, कट्टा काढला. जिना हलव म्हटलं, हलवला. आमच्या साहेबानं असा माणूस दोन दिवस ठेवला नसता."

"मालकाचे वडील ना तुम्ही. घाबरतो तुम्हाला."

"घाबरून घरं उभी राहत नाहीत."

पहिला नकाशा आला तेव्हा तारामतीची आई, केसरबाई होत्या. ओट्यासमोर खिडकी आणि पूर्वेच्या भिंतीशी वंदनेची जागा, एवढ्या दोनच गोष्टी त्यांनी मागितल्या. नंतर कितीतरी वेळ त्या कागदावरून हात फिरवत राहिल्या. ऑगस्टमध्ये त्या गेल्या. मुलाचं घर डोळ्यांत घेऊन गेली, असं तातेराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तेवढंच त्यांना पुरत होतं.

संभाजी आईच्या मातीला आला नाही. वाळवंटातली खाण, वरचे साहेब रजा देत नाहीत, असं तारामतीनं सांगितलं. चार दिवस तातेरावांनी नकाशाची गुंडाळी उघडली नाही. पाचव्या दिवशी स्वतःच मागून घेतली.

"घर लवकर होऊ दे," ते म्हणाले. "मला तिथं जायचंय. त्याला समोर बसवून एकदा विचारायचंय, का नाही आलास."

फोनवर विचारणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. फोनचं त्यांना काही ऐकू येत नसे. संभाजीचा फोन केसरबाई घेत आणि तो काय म्हणाला ते यांच्या कानाशी ओरडून सांगत. आता ते काम तारामतीकडे होतं. शिवाय दोनदा छाती दुखून दवाखान्यात राहून आल्यापासून त्यांच्यापुढं कुणी फार बोलतही नसे.

व्हरांड्याची दुरुस्ती पाठवून दोन दिवस झाले आणि तातेरावांनी विचारलं, "काही हरकत घेतली का त्यानं?"

"अजून उत्तर नाही."

पुन्हा दोन दिवसांनी तेच विचारलं. मग रोजच.

"एवढी काय घाई, आबा? मला ऑफिसात मान वर करायला फुरसत नाही." नामपल्लीच्या तिच्या ऑफिसात जूनमध्ये राज्याचे दोन तुकडे झाल्यापासून फायलींचेही दोन ढीग पडत होते, या राज्याचा एक, त्या राज्याचा एक. माणसांच्याही याद्या निघत होत्या.

"तुझं नाव कुठल्या यादीत?"

"ठरलं नाही."

"छप्पन साली आपलं गाव तिकडं मुंबई राज्यात गेलं आणि माझा बाप इथं राहिला. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. बरं, आज बघ हं ईमेल. त्यानं काही म्हणायला पाहिजे."

नवव्या दिवशी नकाशा आला. तारामतीनं तो टेबलावर पसरला. व्हरांडा दक्षिणेला होता. बारा फूट लांब, कठड्यासकट. आत एक आरामखुर्चीही काढली होती.

"घ्या. तुमच्या मनासारखं झालं."

तातेरावांनी चष्मा पुसला. उत्तरेच्या बाणावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. मग त्यांनी पेन्सिल कानामागून काढून डब्यात टाकली.

"तारा, बस."

"कुकर लावलाय."

"बस म्हणतो ना."

ती बसली.

"तिकडं थंडीतलं ऊन उत्तरेकडून येतं," ते म्हणाले. "पृथ्वीच्या खालच्या अंगाचा मुलूख तो. दक्षिणेच्या व्हरांड्यात सगळी थंडी सावली. तिथल्या शिकाऊ माणसालाही कळतं ते. मला वेड्यात काढायला हवं होतं त्यानं. मी नऊ दिवस त्याचीच वाट बघत होतो."

तारामतीनं कागदाचा वर आलेला कोपरा दाबून धरला.

"कोण काढतं हे नकाशे?"

"आबिड्सला एक जण आहे. छपाईच्या दुकानाच्या वरच."

"आईच्या मातीला आला नाही तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. असा नव्हता तो." त्यांचा आवाज स्थिर होता. "खाणीतच गेला?"

तिनं मान डोलावली.

"कधी?"

"मार्चमध्ये."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मोजून झाल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हणजे केसर होती. तिला कळू दिलं नाहीस, हे मात्र फार मोठं काम केलंस, बाई. ती सुखानं गेली."

तारामती काहीतरी पुटपुटली.

"ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोल."

ती उठली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"मार्चमधला तो फोन आईनंच घेतला होता, आबा. आबिड्सच्या त्या माणसाकडं मला तीच घेऊन गेली."