पिठाचा अबोला

"त्याला सांग, आज ऑलिव्ह खारट आहेत," एर्रामुन बारवाल्या इत्सासोला म्हणाला.

ज्याला सांगायचं तो बित्तोर त्याच्या कोपराला कोपर लावून उभा होता. तरी इत्सासोने निरोप पोचवला. बित्तोरने तिच्याच हाती उत्तर धाडलं, की जन्म समुद्राकाठी काढलास, आता साखर कुठून आणायची.

एरवी ही ने-आण पेल्लो करायचा. मंगळवारी पेल्लोला पुरलं. सात जणांच्या कंपूतले आता हे दोघेच उरले होते, आणि दोघांमध्ये एकोणीस वर्षांचा अबोला होता.

पण दोनोस्तिया या बंदराच्या शहरात कंपू सोडायची रीत नाही. इथे लोकांनी बायका सोडल्या, बोटी सोडल्या, देवही सोडला. कंपू सोडलेला माणूस जुन्या गावात कुणी पाहिला नाही. साडेसात वाजले की निघायचं. पाच बार, ठरलेला क्रम. प्रत्येक ठिकाणी उभ्याउभ्या एक छोटा पेला, एक घास, की पुढे. भांडण झालं म्हणून संध्याकाळ कशी मोडायची?

बित्तोरचं आज काउंटरवर लक्ष नव्हतं. उद्या सकाळी त्याची नेकाने नावाची लेक गाडी घेऊन यायची होती. ती त्याला डोंगरापलीकडे गास्तेइसला, आपल्या घरी कायमची नेणार होती. खोली उबदार होती, लिफ्ट होती. समुद्र तेवढा नव्हता. वय एक्याऐंशी. गेलेला माणूस परत येत नाही, हे त्याला कळत होतं. जाण्याआधी अबोला मिटवायचा, एवढं त्याने ठरवलं होतं.

भांडण मूठभर पिठाचं. गावदेवाच्या सणाची आदली संध्याकाळ होती. पुरुषांच्या स्वयंपाक-मंडळात त्या दिवशी एर्रामुन आचारी होता, बित्तोर हाताखाली. हेक माशाच्या गळ्याचे तुकडे हिरव्या रश्शात शिजत होते. तो रस्सा माशाच्याच चिकाने दाट धरतो, भांडं हलवत राहिलं की. पाळण्यातल्या लेकरासारखं हलवायचं, वाट बघायची. त्यात पीठ घालणं म्हणजे पत्त्यांत लबाडी करणं. आणि वाढल्यावर कुणाच्या तरी जिभेला पिठाची गुठळी लागली. चाळीस माणसांदेखत एर्रामुनने बित्तोरकडे बोट दाखवलं. हा कबूल करेपर्यंत याच्याशी एक शब्द बोलणार नाही, अशी शपथ घेतली. बित्तोरने पिठाला हातही लावला नव्हता. न केलेलं कबूल करण्यापेक्षा मुकं मेलेलं बरं, असं तो म्हणाला होता. तेही पेल्लोकरवी.

दुसऱ्या बारमध्ये बित्तोरने तोंड उघडलं. एर्रामुनने आख्खं मश्रूम गालात कोंबलं, पेला रिकामा केला आणि चालू लागला.

तिसऱ्या बारमध्ये परदेशी पाहुण्यांची गर्दी. ताटल्या भरभरून घेतलेल्या, खुर्च्या अडवलेल्या. दोघा म्हाताऱ्यांनी कोपरांनी वाट काढली आणि आपला कोपरा परत जिंकला. बित्तोर खाकरला. एर्रामुनने शेजारच्या सोनेरी केसांच्या मुलीला सांगितलं, "त्याला म्हणावं, बाहेर दक्षिणेचा वारा सुटलाय, टोपी सांभाळ." मुलीला एक अक्षरही कळलं नाही. तिने हसून दोघांचा फोटो काढला.

चौथा बार आता बार नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिथे पाहुण्यांच्या बॅगा ठेवायचं दुकान झालं. कंपूने क्रम बदलला नाही. रोज त्या जागी यायचं आणि एक पेला संपेल इतका वेळ पडलेल्या शटरसमोर उभं राहायचं. कुणी हसलं तर हसू दे.

दोघे उभे राहिले. गल्लीच्या टोकाला बंदरावरचं आभाळ तांबडं झालं होतं. वारा उबदार होता. इथे इत्सासो नव्हती, सोनेरी केसांची मुलगी नव्हती. निरोप न्यायला कुणीच नव्हतं.

"पीठ मी घातलं होतं," बित्तोर म्हणाला.

एकोणीस वर्षं न गिळलेला घास त्याने गिळला. आत काहीतरी खरवडत खाली गेलं. आता हा बोलेल, आपण निरोप घेऊ, आणि झालं.

एर्रामुन शटरकडे बघत राहिला. त्याची हनुवटी हलली.

"खोटं बोलू नकोस, गाढवा. पीठ मीच घातलं होतं. रस्सा धरेना, आणि चाळीस रेडे टेबलं बडवत होते. वाटलं, आठ दिवसांत कंटाळून हो म्हणशील. तू एवढा हट्टी निघशील, हे मला काय ठाऊक?"

बित्तोरच्या कानांत रक्त चढलं. एकोणीस वर्षं. पाठीचा बाक त्याला जाणवेना. गुडघे दुखेनात. असा राग त्याला साठीनंतर आला नव्हता.

त्याने खिशातून फोन काढला आणि नेकानेला सांगितलं, की उद्या येऊ नकोस, मी कुठेही येत नाही. पलीकडून ती आधी रागावली, मग काकुळतीला आली. पेल्लोकाकाही गेले बाबा, म्हणाली, आता कुणासाठी राहताय तिथे?

बित्तोरने एर्रामुनकडे पाठ फिरवली, पण आवाज त्याला ऐकू जाईल इतका चढवला.

"एक माणूस आहे इथे. त्याच्याशी मला पुढची एकोणीस वर्षं बोलायचं नाही."