मागच्या वैशाखातले फोटो

"हा बी नको," म्हणत पुष्पाबाईंनी अल्बम मिटला आणि काउंटरवरून मागे सारला.

दुकानदाराने तो नाराजीने फळीवर ठेवला. त्याचं ड्रोनचं सांगून झालं होतं, प्री-वेडिंगचं सांगून झालं होतं. बाईंनी ना भाव विचारला, ना अल्बमला पानं किती ते विचारलं. नवरीच्या चेहऱ्यावर नजर टाकायची आणि पान उलटायचं. अशा गिऱ्हाइकाला फोटोग्राफर कसला पसंत पडणार?

बाहेर धुळ्याचं ऊन तापलं होतं. डोक्यावर पदर घेऊन त्या पुढच्या गल्लीत वळल्या. पिंप्राळ्याहून निघताना घरी बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. अंधार पडायच्या आत परत पोचायला हवं होतं. त्यात बसमध्ये बसल्यापासून आणखी एक किडा डोक्यात वळवळत होता. नवऱ्याचा, रुपचंदनानांचा, गुलाबी काठाचा टॉवेल सकाळी धुऊन गच्चीवर टाकला, तो काढून ठेवायचा राहिला. नानांना अंग पुसायला दुसरा टॉवेल चालत नसे. धरणगावच्या बाजारातून स्वतः आणलेला, विरायला आला तरी सोडवत नव्हता. जागेवर दिसला नाही की घर डोक्यावर घ्यायचे. मग बाई कुठे गेली, कशाला गेली, सगळंच बाहेर आलं असतं.

नानांपुढे पूनमच्या लग्नाचा विषय काढायची सोय नव्हती. शिंदखेड्याचा मुलगा त्यांना पहिल्यापासून नको होता, आणि भाऊबंदांत त्यांनी तसं ठणकावून सांगितलंही होतं. घरात कुणी नाव काढलं तर भरल्या ताटावरून उठायचे. पुष्पाबाई वाद घालत नसत. पण एकुलती एक पोर. तिच्या लग्नाचे फोटो आपल्या हातात असावेत, एवढंच त्यांना हवं होतं. तेवढ्यासाठी त्या नवऱ्याशी खोटं बोलायला शिकल्या होत्या. बोलून झालं की दिवसभर जीव थाऱ्यावर राहत नसे, पण निघायच्या मात्र.

पुढचा स्टुडिओ लहानसा होता. मालक शेहजाद पाठीला बाक आलेला, पण हसरा. त्याने आधी पंखा त्यांच्याकडे वळवला, मग पाणी दिलं.

"पोर कोठे दिनी अक्का?"

"शिंदखेडाले."

"मग तर आपलाच इलाका शे. तिकडच्या निम्म्या लग्नांना मीच असतो."

बाईंनी न पिताच ग्लास खाली ठेवला. मागच्या वैशाखातली लग्नं दाखव म्हणाल्या. शेहजादला नवल वाटलं. लोक ताजं काम बघायला मागतात. उन्हाळ्याच्या उजेडात चेहरा कसा येतो ते बघायचंय, असं बाईंनी सांगितलं. तोवर तो फळीवरची धूळ झटकू लागला होता.

शेहजाद मुळातच बोलका. उजेडाचं काय घेऊन बसलात, घरचे खूश असले की नवरी आपोआप चांगली येते, असं तो अल्बम काढता काढता म्हणाला. त्याच वैशाखात एक लग्न असं झालं होतं की त्याने किती दिवे लावले तरी नवरीचा चेहरा काही उजळला नाही. रडून रडून डोळे सुजलेले.

"माय उनीच नही अक्का," तो म्हणाला. "पोरीनं मनानं जमवलं म्हणून तोंड बघायला तयार नाही. बाप सांगत होता, मी पाया पडलो तिच्या, पण हलली नाही जागची. मग बिचारा कमरेला सुपारी लावून एकटाच कन्यादानाला बसला."

बायको नसलेल्या माणसाने तिच्या जागी सुपारी कमरेला लावलेली पुष्पाबाईंनी पाहिली होती. पण ती माणसं विधुर. धडधाकट बायको घरी असताना नवऱ्यावर ही पाळी यावी, हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना त्या बापाची दया आली आणि त्या बाईचा संताप आला.

"आशी कशी माय शे ती?" त्या म्हणाल्या. "मी ऱ्हातू ना, तर अनवानी पयत जातू."

"पोरगी दर फोटोला दाराकडे बघायची. आई येईल म्हणून. माझे निम्मे फोटो त्यात वाया गेले." शेहजादने एक जाडजूड अल्बम फडक्याने पुसून त्यांच्यापुढे ठेवला. "हेच ते लग्न. नवरीचे डोळे सोडले तर काम बघा कसं झालंय."

पुष्पाबाईंनी पहिलं पान उघडलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

हळदीने पिवळी झालेली पूनम होती. कॉलेजला म्हणून गेलेली आणि परत न आलेली. वैशाखात शिंदखेड्याकडे तिचं लग्न लागलं, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं, तेही लागून गेल्यावर. तेव्हापासून दुकानादुकानांतून, लोकांच्या लेकींच्या चेहऱ्यांत त्या हा चेहरा शोधत हिंडत होत्या. पूनम कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. बाजूला कुठेतरी बघत होती.

त्यांनी बोटाने तिचा गाल पुसला. मग पान उलटलं.

कन्यादानाचा फोटो होता. बाप मान खाली घालून एकटाच पाटावर बसला होता. कमरेला सुपारी होती, आणि खांद्यावर वरपक्षाने मानाचा म्हणून दिलेला, घडीसुद्धा न मोडलेला, गुलाबी काठाचा टॉवेल.